खुळखुळ्या साप आणि लहान मुले



खुळखुळा कोणाला माहीत नाही? पाळण्यातल्या बाळाच्या हाती आपण पहिली वस्तू देतो, ती खुळखुळाच. तो वाजला, की रडणारे पोर गप्प होते. मान वळवते. हात पुढे करते.

आता असा एक मुलूख डोळ्यांपुढे आणा, जिथे झुडपाखाली खुळखुळा वाजला तर पोराने हात पुढे करायचा नाही. जागच्या जागी उभे राहायचे. कारण तो खुळखुळा बाळाचा नाही. तो सापाच्या शेपटीला आहे.

हा मुलूख अमेरिकेत आहे. तिथे मोहावी आणि सोनोरा नावाची दोन मोठी वाळवंटे आहेत. कॅलिफोर्निया, नेव्हाडा, ॲरिझोना या राज्यांत ती पसरली आहेत, आणि सोनोराचे वाळवंट तर खाली मेक्सिको देशातही गेले आहे. उन्हाळ्यात तिथे पारा ४५ अंशांच्या वर चढतो. वाळू अशी तापते, की अनवाणी पाय टेकवत नाही. एका खोऱ्याचे तर नावच डेथ व्हॅली, म्हणजे मृत्यूचे खोरे!

वाळवंट म्हटले की तिथे माणूस नसेल असे आपल्याला वाटते. तसे नाही. गावे आहेत, शाळा आहेत, अंगणे आहेत. अंगणात पोरे खेळतात. आणि त्याच वाळूत हा साप राहतो. तेव्हा त्या मुलखातल्या आईबापांपुढे एक प्रश्न असतो. तीन-चार वर्षांच्या पोराला हा साप कसा सांगायचा? फार भिववले तर पोर नुसते भित्रे होते. काहीच सांगितले नाही तर पोर हात घालते.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतला साप आमच्या काय कामाचा? जरा दम धरा. त्याचा एक भाऊबंद आपल्या दगडाखाली बसलेला आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे.

आधी साप पाहू.

शेपटीला खुळखुळा असलेल्या सापांच्या तिसांहून अधिक जाती आहेत. सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या. दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यांतली वाळवंटातली एक जात आहे, तिला इंग्रजीत साइडवाइंडर म्हणतात. म्हणजे आडवा चालणारा. शास्त्रज्ञांनी १८५४ साली या जातीला नाव दिले, त्या नावात 'शिंगवाला' असा अर्थ आहे. कारण याच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक खवला वर उचललेला असतो. लांबून पाहिले तर बारीक शिंगेच वाटतात. डोळ्यांत ऊन आणि वाळू जाऊ नये म्हणून ती असावीत, असे जाणकार मानतात.

साप काही मोठा नाही. दीड ते अडीच फूट. रंग वाळूचा. अंगावर फिकट ठिपके. दिवसा तो झुडपाच्या बुडाशी किंवा उंदराच्या बिळात असतो. कधी वाळूत अंग घुसळून उथळ खळगा करतो आणि त्यात वेटोळे करून बसतो. वर वाळूचा पातळ थर. तुम्ही शेजारून गेलात तरी दिसणार नाही. उन्हाळ्यात तो रात्री बाहेर पडतो आणि सरडे, उंदीर खातो. विषारी आहे, दात पोकळ आहेत, इंजेक्शनच्या सुईसारखे. तरी तो माणसामागे धावत नाही. माणूस काही त्याच्या घासात मावत नाही.

याच्या चालीची मोठी गंमत आहे. आपला साधा साप सरळ सरपटत जातो. हा जातो आडवा. तोंड एकीकडे, चाल दुसरीकडे. अंगाचा थोडा भाग वाळूवर टेकवायचा, बाकीचा उचलायचा, पुढे टाकायचा, की मागचा उचलायचा. अंगाचे एकदोन भागच वाळूला लागलेले असतात. त्यामुळे सुटी वाळू घसरत नाही आणि तापलेल्या वाळूचा चटकाही कमी बसतो. मागे माग उमटतो तो अखंड रेषेचा नाही. तुटक रेषांचा. एकीशेजारी एक तिरक्या रेषा, आणि प्रत्येकीचे टोक वळलेले. छत्रीच्या दांड्याची मूठ वळलेली असते ना, अगदी तशी.

वाळूच्या चढावरही हा साप कसा चढतो, याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या अटलांटा शहराच्या प्राणिसंग्रहालयात केला. २०१४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. चढ जितका खडा, तितका जास्त भाग साप वाळूला टेकवतो, असे दिसले. मग त्यांनी यंत्राच्या सापाला तसेच करायला लावले. आधी जो यंत्रसाप चढावर घसरत होता, तो वर चढू लागला! शिकल्यासवरल्या माणसांनी सापाकडून शिकवणी घेतली म्हणायची.

आता खुळखुळ्याविषयी. तो कसला बनलेला असतो? आपली नखे ज्या द्रव्याची असतात, त्याच द्रव्याचा. पोकळ कड्या एकीत एक अडकवलेल्या असतात. साप शेपटी हलवतो, कड्या एकमेकींवर आपटतात, आवाज होतो. शेपटी एका सेकंदात पन्नास-साठ वेळा हलू शकते. मोजायला जाल तर डोळा फसेल. आत खडे नसतात, बिया नसतात.

पुष्कळ लोक म्हणतात, कड्या मोजा म्हणजे सापाचे वय कळेल. हे खोटे. साप दर वेळी कात टाकतो तेव्हा एक कडी वाढते, आणि तो वर्षातून एकाहून जास्त वेळा कात टाकतो. शिवाय टोकाच्या कड्या मोडून पडतात. मुलांना ही गोष्ट सांगितली की ती खूश होतात. कारण घरातल्या मोठ्या माणसाला चूक काढून दाखवता येते.

खुळखुळ्या सापांवर २०२१ साली आणखी एक शोध प्रसिद्ध झाला. माणूस दूर असतो तेव्हा साप खुळखुळा सावकाश वाजवतो. माणूस जवळ येऊ लागला, की वेग वाढवतो. आणि मग एकदम फार वेगाने वाजवू लागतो. ऐकणाऱ्याला वाटते, साप अगदी पायाशी आला! तो दचकून थांबतो. साप बसल्या जागीच असतो. म्हणजे हा आवाज रागाचा नव्हे. 'मी इथे आहे, पाय टाकू नकोस,' एवढेच तो सांगतो. बैलगाडीला घुंगरू बांधतो, ते का? समोरच्याने बाजूला व्हावे म्हणून. तसेच.

मुलाला हे असेच सांगावे. 'साप वाईट आहे, तो वाजवतो' असे नव्हे. 'साप वाजवतो, म्हणून आपण थांबतो' असे.

पण एवढ्यावर थांबू नका. यात एक मोठी खोच आहे. साप दर वेळी वाजवतोच असे नाही. पुष्कळदा तो गप्प पडून राहतो, कारण आपण दिसलो नाही असे त्याला वाटते. आणि पिल्लाला तर वाजवताच येत नाही.

पिल्लांचे ऐका. हा साप अंडी घालत नाही. मादी जिवंत पिल्ले देते. एका वेळी पाच ते अठरा. पावसाळा सरता सरता ती जन्मतात आणि आईजवळ बिळाच्या तोंडाशी गोळा होऊन राहतात. आठ-दहा दिवसांनी पहिली कात टाकली, की आपापल्या वाटेने जातात. जन्मताना शेपटीला नुसते एक बोंड असते. एक बोंड कशावर आपटणार? आवाज नाही. परंतु विष मात्र जन्मापासून असते. शिवाय पिल्लू शेपटीचे टोक अळीसारखे वळवळवते. सरड्याला वाटते खाऊ आला. तो जवळ येतो, आणि खाऊ तोच होतो. सरडा फसतो, मग तीन वर्षांचे पोर फसणार नाही का? म्हणून 'खुळखुळा वाजला तर थांब' हा निम्मा धडा झाला. उरलेला निम्मा असा: 'जिथे डोळा पोचत नाही, तिथे हात घालायचा नाही.'

त्या भागातल्या उद्यानांत आणि शाळांत लहान मुलांना हेच सांगतात. दगडाच्या फटीत हात नाही. झुडपात चेंडू गेला तर आधी मोठ्या माणसाला हाक. लाकडावर बसण्याआधी पलीकडची बाजू पाहा. रात्री बाहेर जायचे तर पायांत बूट आणि हातात बत्ती. साप दिसला तर दगड मारायचा नाही, पळायचेही नाही. थांबायचे. साप कुठे आहे ते पाहायचे. मग तोंड सापाकडेच ठेवून हळूहळू मागे सरायचे. चार-पाच मोठी पावले मागे आले, की झाले. एवढ्या लहान सापाची झेप तिथवर पोचत नाही.

पाठ म्हणून नुसते बोलून हे मुलाच्या डोक्यात राहत नाही. खेळ करावा. आईने मूठभर गहू डब्यात घालून वाजवायचे, पोराने जागीच पुतळा व्हायचे. मग मागे पाऊल, मागे पाऊल. दोन दिवस खेळले की पायांना सवय लागते. भीतीच्या वेळी डोके चालत नाही, पण पाय चालतात. मातीत काठीने सापाचा माग काढून दाखवावा. हा साध्या सापाचा, हा आडव्या सापाचा, हा सरड्याचा. पोरे मग सकाळी उठून अंगणातले माग वाचू लागतात. तुम्ही आम्ही अक्षरे वाचायला शिकलो, तसेच तेही वाचनच आहे.

तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत लहान मुलांसाठी वहीसारखे पुस्तक मिळते. ते भरून दिले, की वनरक्षक मुलाकडून शपथ म्हणवून घेतात आणि छातीला बिल्ला लावतात. टूसान शहराजवळ १९५२ साली सुरू झालेले एक मोठे संग्रहालय आहे. तिथे वाळवंटातले जिवंत साप काचेपलीकडे ठेवले आहेत. पोराने काचेला नाक लावून पाहावे. साप पाहायचा तर असा.

फार जुन्या काळापासून त्या वाळवंटात राहणारे ओधाम नावाचे लोक आहेत. त्यांची रीत मला फार आवडली. पूर्वजांच्या मोठ्या गोष्टी मुलांना सांगायच्या त्या हिवाळ्यातच. कारण हिवाळ्यात साप बिळात झोपलेले असतात. उन्हाळ्यात गोष्ट सांगितली तर साप चावेल, असे म्हणतात. आता गोष्ट ऐकून साप येत नाही, हे तुम्हीही जाणता. पण पाहा, पोराला न शिकवताच काय समजते? साप कधी जागा असतो आणि कधी झोपतो, ते.

याच्या उलट रीतही अमेरिकेतच आहे. टेक्सास राज्यात स्वीटवॉटर नावाच्या गावी १९५८ पासून मार्च महिन्यात सापांची जत्रा भरते. तिथला साप दुसऱ्या, मोठ्या जातीचा. शेकड्यांनी साप पकडून आणतात, लोकांपुढे मारतात, सोलतात. लहान मुलेही तिथे असतात. त्यातून मूल काय शिकणार? साप म्हणजे तमाशा, आणि जो साप हाताळतो तो मर्द. मला हे पटत नाही. असे शिकलेले पोर उद्या एकटे असताना सापाला हात लावायला जाईल.

साप म्हणजे तमाशा, ही एक चूक. साप म्हणजे बागुलबुवा, ही दुसरी. आपल्याकडे दुसरीच जास्त.

याविषयी माकडांवर केलेले प्रयोग ऐकण्यासारखे आहेत. अमेरिकेत सुसान मिनेका नावाच्या बाईंनी १९८० नंतरच्या काळात ते केले. पिंजऱ्यात जन्मलेल्या, कधी साप न पाहिलेल्या माकडांना साप दाखवला. ती भ्याली नाहीत. मग रानात वाढलेले माकड सापाला कसे भिते, ते त्यांना पाहू दिले. थोड्याच वेळात तीही भिऊ लागली. साप चावला नाही, अंगावर आला नाही. दुसऱ्याचे तोंड पाहूनच भीती लागली! आणि पुढचे तर फारच महत्त्वाचे. काही माकडांना आधी असे माकड दाखवले, जे सापाजवळ शांत बसते. त्यानंतर भ्यालेले माकड दाखवले. त्यांतल्या बहुतेकांना ती भीती लागली नाही.

बायांनो, तुमचे पोर सापाकडे पाहत नाही. ते तुमच्या तोंडाकडे पाहते. तुम्ही किंचाळलात तर ते पळेल, आणि पळताना सापावरच पाय देईल. तुम्ही शांतपणे म्हणालात, 'थांब बाळ, साप आहे, मागे ये,' तर ते मागे येईल.

मार खायच्या भीतीचेही तसेच. 'तिकडे गेलास तर तंगडी तोडीन' असे बजावलेले पोर तिकडे गेले आणि चावा बसला, तर ते घरी येऊन सांगेल का? काटा टोचला म्हणेल. पांघरूण ओढून निजेल. त्यात जी वेळ जाते, ती परत मिळत नाही. म्हणून पोराला आधीच सांगून ठेवा. 'काहीही चावले, कुठेही चावले, तू कुठेही गेलेला असलास, तरी आधी येऊन सांग. मी रागावणार नाही.' आणि मग खरेच रागावू नका.

आता आपल्या भाऊबंदाकडे येऊ. तो म्हणजे फुरसे. कोकणात रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडे तर फारच, आणि देशावरच्या माळावरही. विषारी सापांच्या एकाच मोठ्या कुळातले हे दोघे. फुरसेही लहानच, बहुधा दीड फुटाच्या आसपास. तेही पिल्लेच देते. तेही आडवे चालते! शेपटीला खुळखुळा नाही, पण त्याच्या अंगावरच्या खवल्यांना करवतीसारखे दाते असतात. वेटोळे करून ते अंगावर अंग घासते आणि खरखर आवाज काढते. तव्यावर काहीतरी तडतडावे तसा. दोन वेगळ्या मुलखांतल्या दोन सापांनी एकच निरोप आपापल्या वाद्यावर वाजवला. तेव्हा तिकडच्या पोराचा धडा इकडच्या पोराला जसाच्या तसा लागू आहे. दगड उचलताना, गवत काढताना, गोवऱ्यांच्या ढिगात हात घालताना.

आणि आपल्याला तो जास्त लागू आहे. अमेरिकेत दर वर्षी सात-आठ हजार माणसांना विषारी साप चावतात. मरतात सुमारे पाच. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सापाच्या विषाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सुमारे अठ्ठावन्न हजार. त्यांतली पावभरापेक्षा जास्त पंधरा वर्षांच्या आतली मुले. आकडा वाचून सोडून देऊ नका. बसल्या जागी आपल्या गावच्या शाळेतली पोरे डोळ्यांपुढे आणा.

चावल्यावर काय करायचे, ते दोन्ही देशांत एकच. पोराला निजवा. चावलेला हातपाय हलू देऊ नका. बांगडी, कडे, दोरा आधी काढा, कारण सूज चढते. दोरीने करकचून बांधू नका. कापू नका, चोखू नका. झाडपाला नको, मांत्रिक नको. उचलून दवाखान्यात न्या, पोराला चालवू नका. विषावर खरे औषध एकच, सर्पदंशाची लस. घोड्याला किंवा मेंढीला थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तातून ती करतात. आपल्याकडे ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. मुंबईच्या हाफकिन संस्थेने ती कित्येक वर्षे केली आहे. तिकडची लस तिकडच्या सापाची. आपल्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात लस असते, हे आजच विचारून ठेवा. साप चावल्यावर विचारायची ती गोष्ट नव्हे.

साप मारून दवाखान्यात न्यायचीही गरज नाही. त्यात वेळ जातो आणि दुसऱ्याला चावा बसतो. मेलेल्या सापाचेही एक सांगतो. खुळखुळ्या सापाचे डोके तोडले तरी ते डोके काही वेळ चावू शकते, आणि त्यात विष असते. असे चावे माणसांना बसलेले आहेत. म्हणून त्या मुलखात पोराला बजावतात, मेलेल्या सापालाही हात लावायचा नाही. काठीनेही खेळायचे नाही.

मग अंगणात साप आला तर तिथले लोक काय करतात? काही गावांत आगीचा बंब सांभाळणारी माणसेच हे काम करतात. निरोप मिळाला की लांब चिमटा आणि झाकणाची बादली घेऊन येतात. साप उचलतात, बादलीत टाकतात, आणि जवळच्याच रानात नेऊन सोडतात. फार लांब नेत नाहीत. लांब सोडलेल्या सापाला आपली बिळे सापडत नाहीत, तो भटकतो आणि पुष्कळदा मरतो. तोवर पोरे ओट्यावर ओळीने उभी असतात. आणि जाताना बादलीतून खुळखुळा वाजत असतो.